घरावर तुळशीपत्र न ठेवणारा माणूस

महाराष्ट्रात समाजकार्य करणाऱ्याचं चरित्र वाचायला घेतलं की एक प्रकरण ठरलेलं असतं. कर्ता पुरुष घरावर तुळशीपत्र ठेवून बाहेर पडतो आणि मागे राहिलेली बाई कसाबसा संसार रेटते. महर्षी कर्व्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी संस्थेच्या नावे करून टाकली. त्याची झळ घरात कुठवर पोचली असेल, याचा अंदाज त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ वाचल्यावरच येतो. त्यागाची ही परंपरा मोठी आहे, तिने या प्रांताला पुष्कळ दिलं आहे, यात वाद नाही. पण तिची उधारी बहुतेक वेळा बायकामुलांनी फेडलेली असते आणि चरित्रकार नेमकं ते पान भरभर उलटतो.

डॉ. अनिल अवचट यांची गोष्ट या साच्यात बसत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात, वयाच्या ७७व्या वर्षी ते गेले. त्यांची ओळख करून देताना सहसा तीन गोष्टी सांगितल्या जातात: वंचितांच्या जगण्यावर लिहिणारा लेखक, ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राचा संस्थापक आणि बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम अशा दहा छंदांत रमणारा कलंदर. घरात रमणारा बाप आणि बायकोच्या कामाला जपणारा नवरा ही चौथी ओळख शेवटी येते, तीही जमलं तर. खरं तर आधीच्या तिन्ही ओळखींचं मूळ या चौथीत आहे.

२६ ऑगस्ट १९४४चा त्यांचा जन्म, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ज्या गावात आहे, ते हे ओतूर. वडील तिथे डॉक्टर. थोरल्या मुलाने डॉक्टर व्हावं हे त्या काळात ओघानेच आलं आणि अनिल पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात दाखल झाले. धाकटे भाऊ सुभाष पुढे चित्रकार म्हणून नावाजले. बी. जे.ने अनिल अवचटांना दोन गोष्टी दिल्या. एक पदवी, जिचा त्यांनी व्यवसाय म्हणून जवळजवळ उपयोग केला नाही, आणि दुसरी सहाध्यायी, जी पुढे त्यांची पत्नी झाली. कागदोपत्री डॉ. अनिता अवचट; घरी, मित्रांत आणि नवऱ्याच्या लिखाणात मात्र कायम सुनंदा.

साठच्या दशकाच्या शेवटी बिहारमध्ये दुष्काळ पडला. पुण्यातली तरुण मंडळी मदतीला गेली, त्यांत अवचट होते. तिथे पाहिलेली गरिबी त्यांनी कागदावर उतरवली आणि १९६९ साली ‘पूर्णिया’ हे पहिलं पुस्तक आलं. पुढे युवक क्रांती दलाची मित्रमंडळी, ‘साधना’ साप्ताहिक, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे हमीद दलवाई असा गोतावळा वाढत गेला. ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२च्या ज्या विशेषांकात दलित पँथरचे राजा ढाले यांच्या लेखाने महाराष्ट्रभर वादळ उठवलं, त्याचं संपादन अवचटांचंच होतं. दलवाईंवर त्यांनी ‘हमीद’ हे छोटं पुस्तक लिहिलं. आपल्याकडच्या दिवंगत थोरांच्या आठवणी बहुधा हार घातलेल्या तसबिरीसारख्या असतात. ‘हमीद’मध्ये एक चालताबोलता, चिडणारा, आजारपणाशी झगडणारा दोस्त भेटतो.

आता घराकडे वळू. सुनंदाताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नोकरी करत. नियमित पगार त्यांचा. अनिल अवचट घरी असत. लिहीत, फिरतीवर जात, आणि घरी असताना मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींचं करत, स्वयंपाकही करत. सत्तरच्या दशकातल्या पुण्यात हे चित्र किती वेगळं होतं, हे आज लक्षात येणार नाही. त्या काळी नवरा घरी आणि बायको नोकरीला म्हटलं की शेजारीपाजारी हळू आवाजात चौकशी करत. अवचटांनी हे सगळं लपवलं तर नाहीच, उलट ‘स्वतःविषयी’ या पुस्तकात मोकळेपणाने लिहून टाकलं. ते करताना पुरोगामीपणाचा बिल्ला छातीवर लावला नाही. कणीक भिजवण्याच्या कौतुकाइतकंच स्वतःच्या चिडचिडीबद्दलही लिहिलं.

मुलींना त्यांनी महापालिकेच्या शाळेत घातलं. दोघं आईबाप डॉक्टर, पत्ता पत्रकारनगरचा, आणि मुली पालिकेच्या शाळेत! यात तत्त्व होतं, पण नुसतं तत्त्व असतं तर पोरींची फरपट झाली असती. शाळेतून येणाऱ्या मुलींशी बोलायला, त्यांच्या मैत्रिणींना घरात सामावून घ्यायला एक बाप दुपारी घरी मोकळा असायचा, म्हणून ते निभावलं. पालकत्वावर आज पुस्तकांचा आणि कार्यशाळांचा सुकाळ आहे. अवचटांनी त्या विषयावर लिहिलं ते सल्ला म्हणून नव्हे. आपल्या घरात काय घडलं, कुठे जमलं, कुठे फसलं, एवढंच सांगितलं. म्हणून ते अजून वाचवतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. सुनंदाताईंचा पगार नसता तर हा लेखक उभा राहिला नसता. हमालांबरोबर दिवस काढायला, निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांना भेटायला, वाघ्या-मुरळींचं जगणं समजून घ्यायला जी सवड लागते, ती त्या नोकरीने दिली. अवचटांनी हे ऋण कधी नाकारलं नाही. आपण मात्र त्यांचं कौतुक करताना सुनंदाताईंना ‘पत्नीची मोलाची साथ’ या तीन शब्दांत गुंडाळतो.

आणि त्या सवडीचं त्यांनी केलं काय? ऐकलं. अवचटांच्या रिपोर्ताजची पद्धत म्हटली तर अगदी साधी. जायचं, बसायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. निपाणीच्या वखारीत तंबाखूचा खकाणा कसा नाकातोंडात जातो, मजुरी कशी मोजली जाते, मालकाची माणसं बायकांशी कशी बोलतात, हे सगळं ते आकड्यांसकट टिपायचे आणि विशेषणं वापरायला कंजुषी करायचे. ‘माणसं’, ‘संभ्रम’, ‘कोंडमारा’, ‘वाघ्यामुरळी’ ही पुस्तकं अशी घडली. ‘संभ्रम’मध्ये बाबा-बुवांच्या दरबारांचं वर्णन आहे, तिथेही टर उडवण्याचा मोह टाळून, इथे येणारा माणूस काय शोधत असेल, हे पाहिलं आहे.

त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. हा माणूस प्रश्न मांडतो आणि निघून जातो, उत्तर देत नाही, चळवळीतली काही मंडळी म्हणत. समीक्षकांतल्या काहींना ही भाषा फारच सपाट वाटे. उत्तरायुष्यातल्या लेखनात ‘मी’ जरा जास्त डोकावतो, असंही वाचकाला वाटू शकतं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण पहिल्या आक्षेपाला १९८६ साली उत्तर मिळालं, आणि ते कागदावरचं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ आली. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइन. पन्नीवर भुकटी ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. पुडी स्वस्त, मिळायला सोपी, आणि थोड्याच दिवसांत शरीर तिचं गुलाम. ती वेळेवर मिळाली नाही की काही तासांत नाक-डोळे वाहायला लागतात, हाडं ठणकतात, उलट्या-जुलाब, झोप नाही. व्यसनी मुलांच्या भाषेत याला ‘टर्की लागणं’ म्हणतात. चांगल्या घरातली पोरं भांडी विकायला लागली, आईच्या पाकिटातले पैसे जायला लागले, आणि घरच्यांना काय झालंय हेच कळेना. दारू ओळखीची होती. हा शत्रू नवा होता.

सुनंदाताई रुग्णालयात अशा मुलांवर उपचार करत होत्या. अनिल अवचट त्या मुलांशी बोलले आणि त्यांनी लेखमाला लिहिली. तीच पुढे ‘गर्द’ या पुस्तकात आली. ते लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले आणि ते अस्वस्थ झाले. अशा मुलांसाठी काही उभारा, पैशांचं आम्ही बघतो, अशा आशयाचं बोलणं झालं आणि त्यांच्या प्रतिष्ठानाकडून एक लाख रुपयांची देणगी आली. मनोरुग्णालयाच्याच आवारात जागा मिळाली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. पुढे येरवड्यातच त्याची स्वतःची इमारत झाली.

व्यसनमुक्ती म्हणजे काय, याबद्दल आजही घराघरांत गैरसमज आहेत. शरीरातून अंमली पदार्थ बाहेर काढणं हा त्यातला तुलनेने सोपा भाग. गर्दची टर्की दोन-तीन दिवस कळसाला असते, आठवड्याभरात ओसरते. औषधं मदतीला असतात. दारूच्या बाबतीत ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काढणं धोक्याचंही ठरू शकतं, कारण फिट्स येऊ शकतात. पण हे संपल्यावर खरी लढाई सुरू होते. माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच रिकाम्या संध्याकाळी परत जाणार असतो. इच्छाशक्ती, शपथा, देवळातली माळ, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दिलेलं वचन, हे सगळं त्याने आधीच करून पाहिलेलं असतं आणि मोडलेलंही असतं. प्रत्येक मोडलेल्या वचनागणिक लाज वाढते, आणि लाज बुडवायला पुन्हा बाटली असतेच.

अमेरिकेत १९३५ साली अ‍ॅक्रन शहरात दोन बेवड्यांना, एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, याचं उत्तर योगायोगाने सापडलं. आपण दुसऱ्या दारुड्याशी बोलत बसलो तर तेवढा वेळ आपण पीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही बंधुता उभी राहिली. तिथे ना फी, ना उपदेशक, ना हजेरीचं पुस्तक. एक जण उठतो, नाव सांगतो, आपण व्यसनी आहोत हे कबूल करतो आणि आपली कहाणी सांगतो, बाकीचे ऐकतात. बारा पायऱ्यांचा त्यांचा कार्यक्रम जगभर गेला आणि मुक्तांगणनेही त्यातलं पुष्कळ घेतलं.

तसं पाहिलं तर अवचट गेली वीस वर्षं हेच करत आले होते: माणसासमोर बसायचं आणि त्याला बोलू द्यायचं.

मुक्तांगणचा निवासी उपचार ३५ दिवसांचा. सकाळी प्रार्थना आणि योगासनं, मग गटचर्चा, समुपदेशन, वाटून घेतलेली कामं. ‘शेअरिंग’ हा तिथला रोजचा शब्द. उपचारांची सूत्रं सुनंदाताईंच्या हातात होती. त्या तिथल्या ‘मॅडम’, अनिल अवचट ‘बाबा’. त्या जोडप्याने एक धाडसी गोष्ट केली. व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच केंद्रात कामाला घेतलं. काल जो स्वतःच्या घरी चोरी करत होता, त्याच्याकडे आज जबाबदारी. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटला असता. पण नव्याने दाखल झालेल्या, ‘माझं तसलं काही नाही, बायकोनं उगाच आणलं’ म्हणणाऱ्या माणसाला जुना व्यसनी जेवढ्या लवकर ओळखतो, तेवढा कुठलाही डॉक्टर ओळखत नाही. सगळ्या सबबी त्याने स्वतः वापरून झालेल्या असतात.

दुसरी मोलाची गोष्ट घरच्यांची. व्यसन एकाचं असतं, पण आजारी सगळं घर असतं. नवऱ्याच्या कचेरीत ‘त्यांना ताप आहे’ असा निरोप देणारी बायको, उसने पैसे गुपचूप फेडणारे वडील, पाहुणे आले की धास्तावणारी मुलं. त्यातल्या बायकोवर दुहेरी मार: हाल तिचे, आणि ‘बाईनं नीट सांभाळलं असतं तर’ हा ठपकाही तिच्यावरच. मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला. तिथे बाई पहिल्यांदा मान वर करून बोलते, कारण समोर बसलेल्या सगळ्याजणी त्याच वाटेने आलेल्या असतात. ३५ दिवस संपल्यावर गावोगावी ‘फॉलोअप’च्या सभा असतात. कोणी ‘स्लिप’ झाला, म्हणजे पुन्हा प्यायला, तर त्याच्यासाठी दार बंद होत नाही. व्यसनाकडे जुनाट आजार म्हणून पाहायचं, तर तो उलटू शकतो हेही मान्य करावं लागतं. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून त्याला कोणी दवाखान्यातून हाकलून देत नाही.

घरात जे होतं तेच इथे मोठं होऊन आलं. रागावून काही साधत नाही, माणसाला वेळ द्यावा लागतो, हाताला काम आणि मनाला खेळ द्यावा लागतो. ज्याने दोन मुली वाढवताना हे शिकून घेतलं, त्याला शंभर रुसलेल्या, खोटं बोलणाऱ्या मोठ्या पोरांसमोर ते वापरता आलं.

सुनंदाताईंना कर्करोगाने गाठलं. आजारपणातही त्यांनी मुक्तांगणचं काम सोडलं नाही. १० फेब्रुवारी १९९७ला त्या गेल्या. एका खंबीर व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या संस्था त्या व्यक्तीमागे ढासळतात, याची उदाहरणं आपल्याकडे ढीगभर. मुक्तांगण टिकलं, कारण धाकट्या पिढीला आणि कामावरच्या माणसांना सुनंदाताईंनी हाताशी धरून तयार केलं होतं. मानसशास्त्र शिकलेली थोरली मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी सूत्रं घेतली. पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभागही निघाला. बाईच्या व्यसनाबद्दल तर समाज एक शब्द ऐकून घ्यायला तयार नसतो. धाकट्या यशोदा वाकणकर यांनी अपस्मार असलेल्यांसाठी पुण्यात ‘संवेदना’ हा स्वमदत गट उभा केला. समान दुखणं असलेल्यांनी एकत्र बसायचं हे सूत्र त्या घराच्या पुढच्या पिढीतही असं उतरलं.

बायको गेल्यावर अवचट पंचवीस वर्षं जगले. त्यांनी संस्थेत खुर्ची मांडली नाही. हातमागाचा झब्बा, पांढरी दाढी, आणि हाती लागेल त्या कागदाची घडी. ओरिगामीत कात्री नाही, डिंक नाही. एक चौकोनी कागद, आणि घड्या अचूक हव्यात. पहिली घडी केसभर वाकडी गेली की शेवटी मोराची मान तिरकी होते. मग कागद उलगडायचा आणि पुन्हा बसायचं. ज्यांच्या हातून वर्षानुवर्षं काहीच पुरं झालं नव्हतं, त्यांच्यासमोर तो मोर पूर्ण होई. बासरीही ते अशीच काढत, वाजवत. मैफलीचा आव नसे. लाकडाच्या ओंडक्यात कधी चेहरा दिसे, कधी पक्षी, मग पटाशी घेऊन तासनतास काम. मुलांसाठी लिहिलेल्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो २०१० साली.

या सगळ्या वर्षांत ते दुसऱ्यांच्या कामाबद्दलही लिहीत राहिले. गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, अंकोलीचे अरुण देशपांडे अशा माणसांवरचे त्यांचे लेख ‘कार्यरत’मध्ये आहेत. स्वतः संस्था चालवणाऱ्याने दुसऱ्याच्या संस्थेचं मनापासून कौतुक करावं, ही गोष्ट आपल्या समाजसेवेच्या क्षेत्रात वाटते त्यापेक्षा दुर्मीळ आहे. ती मंडळी वर्षानुवर्षं अवचटांच्या घरी येत-जात, जेवत, वाद घालत. अवचटांच्या पुस्तकांतून भेटणारा स्नेहसंबंधांचा हा पसारा (‘आप्त’ या नावाचं पुस्तकच त्यांनी लिहिलं आहे) पाहिला की लक्षात येतं, घर आणि काम यांच्यामध्ये या माणसाने भिंत घातलीच नव्हती.

त्यांची पुस्तकं आजही मिळतात. ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांनी ‘स्वतःविषयी’पासून सुरुवात करावी आणि त्यानंतर ‘मुक्तांगणची गोष्ट’ घ्यावी. आणि कोणाच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या बोलू म्हणून झाकून ठेवलेला असेल, तर एवढं जरूर लक्षात ठेवावं: व्यसनी माणूस यायला तयार नसला तरी घरच्यांना एकट्याने जाऊन समुपदेशकाशी बोलता येतं, आणि पुष्कळदा सुरुवात तिथूनच होते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन नि:शुल्क आहे.